नेपती लावलेलं कुणी आहे का? चार वर्षांचा अनुभव आणि काही प्रश्न

माळरानी | १४ मार्च, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

पहाटे माळावर जाऊन आले आणि आल्या आल्या लिहायला बसले आहे. दौंड तालुक्याच्या पूर्व अंगाला वडिलांच्या वाट्याची दोन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर ती पोटखराब. वर बोटभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. गवत कधीच पिवळं पडलंय, तरवडाच्या शेंगा वाऱ्यानं वाजायला लागल्यात. आणि अशात नेपतीची एक जुनी जाळी विटकरी लाल फुलांनी भरून आलीय. लांबून पाहिलं तर झुडपावर कुणी लाल लुगडं वाळत घातलंय असं वाटतं. जवळ जाताना फुलांच्या आधी आवाज येतो. मधमाश्या, मोठे काळे भुंगे, आणि आतल्या काड्यांवर उड्या मारणारे दोन शिंजीर पक्षी. पाऊण तास उभी होते. फोटो टाकलेत.

ज्यांनी नेपती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. संस्कृतात करीर, राजस्थानात केर, गुजरातेत केरडा म्हणतात ते हेच. झुडूप पुरुष-दीड पुरुष उंच होतं, पण पसरतं त्याहून जास्त. पानं जवळजवळ नसतातच. पावसाळ्यात किंवा फुलांच्या आगेमागे कोवळी फूट येते, तिच्यावर बारीक पानं दिसतात आणि थोड्याच दिवसांत गळून जातात. पानांचं सगळं काम हिरव्या फांद्या करतात. फांद्यांची साल मेणचट, म्हणून उन्हात पाणी फारसं उडून जात नाही. जिथे पान असायला हवं तिथे काट्यांची जोडी. हात घातला की रक्त निघणारच.

आता माझा अनुभव. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये पिकलेली फळं गोळा केली, बी काढून डबीत ठेवलं आणि पुढच्या पावसाळ्यात पेरलं. साठ बियांतून तीन उगवल्या. त्याच जूनमध्ये शेजारच्या वाफ्यात ताज्या फळांतलं बी गर राखेनं चोळून, धुऊन, दोन दिवसांत पेरलं होतं. त्यातलं निम्म्याहून जास्त तीन आठवड्यांत वर आलं. म्हणजे नेपतीचं बी साठवून ठेवायचं नाही, हे कळलं.

पुढची चूक पाण्याची. पेरू-लिंबाच्या रोपांना घालते तसं रोज पाणी घातलं आणि बरीच रोपं मानेशी कुजून आडवी पडली. जी वाचली ती वर्षभर पिशवीत ठेवून जुलैत माळावर नेली. एकतीस रोपं लावली, आज एकोणीस जिवंत आहेत. एक उन्हाळा काढलाय त्यांनी, दुसरा समोर आहे. सगळ्यात मोठं रोप माझ्या गुडघ्याच्याही खाली आहे. घरचे विचारतात, एवढ्या वेळात शेवग्याच्या शेंगा खाऊन झाल्या असत्या, हे कशाला? मला ही जाळी एकटी राहायला नको आहे, एवढंच खरं उत्तर आहे. आजूबाजूच्या तीन मोठ्या जाळ्या गेल्या पाच वर्षांत मशीन लावून काढल्या गेल्या.

प्रश्न असे:
मुळांवरून येणारे फुटवे वेगळे करून लावता येतात का? माझे दोन्ही प्रयत्न वाळून गेले.
बांधावर ओळीनं लावली तर वई म्हणजे कुंपण म्हणून चालेल का?
आणि तुमच्याकडच्या नेपतीवर कोणकोणते जीव दिसतात? मला यादी करायची आहे.

---

कुळवेल | १४ मार्च, दुपारी १:०५

माळरानी, फार दिवसांनी असा धागा आला. फोटो पाहिले, नेपतीच आहे, शंका नको.

ओळखीबद्दल थोडी भर घालतो, कारण लोक कंथार आणि नेपती एकच समजतात. कंथारीला पानं वर्षभर असतात, फुलं पांढरी आणि काटे आकड्यासारखे मागे वळलेले. नेपतीचे काटे बहुतेक सरळ, फुलं लाल आणि झुडूप निष्पर्ण. क्वचित पिवळ्या फुलांची नेपतीही सापडते. या दोघींची तिसरी बहीण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे: वाघाटी. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना जिच्या फळांची भाजी करतात ती. तिघींचं कुळ एकच. त्यामुळे नेपतीची हिरवी फळं खाण्यालायक आहेत हे ऐकून कुणी दचकू नये. कडूपणा मात्र तिन्हींत आहे.

नेपतीचा मुलूख बघा किती मोठा आहे. आफ्रिकेत सुदानपासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान, थरचं वाळवंट आणि मग थेट आपला पर्जन्यछायेचा पट्टा. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तुमच्याकडे ५०० च्या आतबाहेर. दोन्हीकडे ती सुखात राहते. पाणी तुंबणारी काळी जमीन तेवढी तिला सोसत नाही.

---

सई_ठाण्याहून | १४ मार्च, दुपारी ३:२२

किती सुंदर फुलं आहेत! मी नाव पहिल्यांदाच ऐकलं. ठाण्याला बाल्कनीत कुंडीत जमेल का? दुष्काळी झाड आहे म्हणजे पाणी घालायला विसरलं तरी चालेल ना?

---

माळरानी | १४ मार्च, रात्री ९:१५

सईताई, मनापासून सांगते, नका लावू. एक तर तिचं मूळ आधी खाली जातं, वर वाढ नंतर. कुंडीत ती कुढत राहील. दुसरं म्हणजे ठाण्याचा पाऊस. चार महिने मुळं ओली राहिली की संपलं. तुमच्याकडे कोकणातली किती तरी झाडं आहेत. इकडे याल तेव्हा माळावर या, मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, उजाडताना.

कुळवेलदादा, वाघाटीचं नातं माहीत नव्हतं! आई दर आषाढात बाजारातून वाघाटी आणते. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग नेपती का नाही खाल्ली आपण कधी?" मला उत्तर देता आलं नाही.

---

मरुधरात_मराठी | १५ मार्च, सकाळी ८:३०

आईंच्या प्रश्नाचं उत्तर जोधपूरहून देते. लग्न होऊन इकडे आले त्याला बावीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी सासूबाईंनी परातभर हिरवी केरं समोर ठेवली तेव्हा मला वाटलं करवंदं आहेत. एक चावलं आणि तोंड कडू-तिखट होऊन डोळ्यांत पाणी आलं.

इथली रीत अशी. हिरवी कोवळी फळं मडक्यात मिठाच्या पाण्यात किंवा ताकात घालतात, पाणी बदलत राहतात. काही दिवसांत हिरवा रंग जाऊन ती पिवळट होतात आणि कडूपणा उतरतो. मग धुऊन लोणचं घालायचं किंवा उन्हात वाळवून वर्षभर ठेवायची. सांगरी म्हणजे खेजडीच्या (आपल्या शमीच्या) शेंगा. केर-सांगरीची भाजी शीतळा अष्टमीला आदल्या दिवशी करून ठेवतात, थंडच खातात. केर, सांगरी, कुमट या बाभळीसारख्या झाडाचं बी, गुंदा म्हणजे भोकर आणि आमचूर असं पाचांचं मिळून होतं ते पंचकुटा. बाजारात केर जितकं बारीक तितकं महाग. मटाराएवढ्या दाण्याचा भाव ऐकून नवखा माणूस मागे फिरतो.

आणि ही तोडणी काट्यांतून एक एक फळ वेचून करायची असते. वेचणाऱ्या बहुतेक बायका आणि मुलं. केरांचा भाव ऐकताना मला नेहमी त्यांचे हात आठवतात.

---

पंखवही | १५ मार्च, दुपारी १२:५०

यादीत माझी भर. नेपती म्हटलं की मला पायोनियर फुलपाखरू आठवतं. पांढरे पंख, काळ्या शिरा, कडेला काळी किनार. याच्या अळ्या नेपती, कंथार, वाघाटी या कुळावरच वाढतात. मादी अंडी एकेकटी न घालता पुंजक्यानं घालते, आणि तीही कोवळ्या फुटीवर. नेपतीवर कोवळी फूट किती थोडे दिवस असते ते माळरानींनी लिहिलंच आहे. त्या थोड्या दिवसांत अंडी, अळ्या, खाणं सगळं उरकायचं असतं. हे बघायचं असेल तर पहिल्या पावसानंतर दहा-पंधरा दिवस रोज जावं लागतं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. केर चावल्यावर जोधपूरच्या ताईंच्या तोंडाला जो तिखट-कडूपणा जाणवला, तो मोहरीच्या तिखटाच्या जातीचा आहे. मोहरी, मुळा, कोबी आणि नेपतीची मंडळी वनस्पतिशास्त्रात एकमेकांच्या जवळची. हे तिखट रसायन बहुतेक किड्यांना मारक असतं. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या या कुळानं मात्र ते पचवायची युक्ती साधली. म्हणून कोबीवर पडणारी पांढऱ्या फुलपाखराची अळी आणि माळावरच्या नेपतीवरची पायोनियरची अळी या चुलतबहिणी. झुडपानं स्वतःला वाचवायला जे तिखट तयार केलं, त्याच्याच वासावर मादी अंडी घालायला जागा शोधते.

माळरानी, जुलैत तुमच्या लहान रोपांवर अळ्या दिसल्या तर कृपा करून औषध मारू नका. फूट खातील, पण रोप मरणार नाही.

---

मातीचे_हात | १५ मार्च, रात्री १०:०५

माझी छोटी रोपवाटिका आहे, देशी झाडांचीच. नेपती तीन हंगाम केली. जे हाताला कळलं ते लिहितो.

फळ लाल-गुलाबी होऊन दाबलं की मऊ लागेल तेव्हाच घ्यायचं. त्या वेळी बुलबुल आधीच येऊन गेलेले असतात, म्हणून दोन-चार फांद्यांना जुन्या नायलॉनच्या साडीची सैल पिशवी बांधतो. सगळ्या झुडपाला नाही, दोन-चारच फांद्या. गर नीट धुवायचा, राहिला तर बुरशी येते आणि मुंग्या बी उचलून नेतात. सावलीत एक दिवस सुकवून लगेच पेरायचं.

माती: दोन पाट्या वाळू, एक पाटी मुरमाची चाळ, एक पाटी साधी माती. शेणखत अगदी मूठभर. काळी माती घालूच नका. पिशवी लांब हवी. नेहमीच्या बुटक्या पिशवीत मूळ तळाला लागून गोल फिरतं, आणि असं रोप जमिनीत लावलं की पहिल्या उन्हाळ्यात जातं. मी पाण्याच्या जुन्या पाईपचे हात-दीड हात लांबीचे तुकडे उभे चिरून, सुतळीनं बांधून वापरतो. लावताना सुतळी सोडली की मुळाला धक्का न लागता रोप निघतं. पाणी वरची माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय नाही. बोट खुपसून बघायचं.

फुटव्यांचं: माझे दहातले दोन जगले. फुटव्याला स्वतःची बारीक मुळं क्वचितच असतात, तो आईच्या जाड मुळावर जगत असतो. मी असं केलं. पहिल्या पावसानंतर फुटव्याच्या दोन्ही बाजूंनी जाड मूळ कुदळीनं तोडलं, पण फुटवा तिथेच ठेवला. पुढच्या वर्षी पावसात खणून काढला. तोवर त्यानं स्वतःची मुळं धरली होती. तरीही माझा सल्ला बियांचाच. एकाच जाळीचे फुटवे म्हणजे एकच झाड पुन्हा पुन्हा. बियांपासून वेगवेगळी झाडं मिळतात.

एक विनंती. कुणीही माळावरची जुनी नेपती उपटून आपल्याकडे न्यायचा प्रयत्न करू नये. जगत नाही. चार फूट खणलं तरी मूळ संपत नाही.

---

माणदेशी_अण्णा | १६ मार्च, सकाळी ६:५०

(पुतण्या टाइप करतोय, बोलणं अण्णांचं आहे.)

तुमी समदी शिकल्याली मानसं नेपती लावायचं बोलताय. आमची हयात नेपती काढन्यात गेली. माझ्या वडलांनी रानात चार जाळ्या खनल्या. खनल्या म्हंजे काय, एकेका जाळीला आठ-आठ दिस. वरनं तोडली की पावसाळ्यात धा जागी फुटायची. नांगराचा फाळ अडकून मोडायचा. रानात नेपती म्हंजे शेतकऱ्याला सुखानं बसू द्यायची न्हाय.

पर येक गोष्ट खरी हाय. बहात्तरच्या दुष्काळात समदं वाळलं तवा नेपती हिरवी व्हती. शेरडं कोवळ्या काड्या वरबाडून जगली. लाकडाला वाळवी लागत न्हाय, वडलांनी कुऱ्हाडीचा दांडा नेपतीचा केल्याला, त्यो मी वापरला. आजी दात दुखला की कोवळा शेंडा चावाया द्यायची. रानात नको, पर गायरानाच्या कडंला, वगळीच्या काठानं असावी. म्या आता काढणार न्हाय.

---

माळरानी | १६ मार्च, रात्री ८:४०

अण्णा, नमस्कार. तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि ते धाग्यावर यायलाच हवं होतं. पिकाखालच्या जमिनीत नेपती लावा असं मी कुणालाही सांगणार नाही. एकदा धरली की मुळांवरून पसरते, आणि तोडली की जास्त फुटते. बांधाचा विचारही मी आता सोडला. बांधापलीकडे चुलत्यांचं ज्वारीचं रान आहे, उद्या फुटवे त्यात गेले तर भांडण व्हायचं. ओढ्याच्या उतारावर, जिथे पावसाचं पाणी माती ओढून नेतं, तिथे पुढची रोपं लावीन. तीच मुळं तिथे माती धरतील.

दातदुखीवर चावायच्या शेंड्याबद्दल: माझ्या आजीचीही हीच सवय होती. पण वाचणाऱ्यांनी दात दुखला तर डॉक्टरकडेच जावं.

---

गावशिवार | १७ मार्च, सकाळी ११:१५

छान माहिती. आमच्या गावानं यंदा गायरानावर वृक्षारोपण ठरवलंय. चाळीस एकर मोकळा माळ आहे, काहीच उगवत नाही. हजारभर नेपती आणि बाकी गिरिपुष्प, शिरीष लावायचा विचार आहे. यंत्रानं खड्डे घेणार. रोपं कुठे मिळतील?

---

कुळवेल | १७ मार्च, दुपारी २:३०

गावशिवार, तुमची तळमळ समजते, पण खड्डे घेण्याआधी एकदा ऑगस्टच्या शेवटी त्या माळावर पहाटे चालून या, ही हात जोडून विनंती.

'काहीच उगवत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा झाडं नाहीत एवढंच म्हणायचं असतं. त्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं असतील. चंडोल जमिनीवर घरटं करत असतील. धाविक पक्षी असतील. लांडगा आणि खोकड मोकळी जमीन बघूनच राहतात. काळवीट आणि चिंकारा लांबचं दिसावं म्हणून उघड्यावर राहतात. अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी अभयारण्य अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं आहे आणि ते काळविटांसाठी राखलंय. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी. दोन्ही ठिकाणचं मोल गवतात आहे. माळढोक आपल्या माळांवरून कसा नाहीसा होत गेला ते या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. झाडं दाट लावून बंद केलेला माळ त्याच्या काहीच कामाचा नव्हता.

नेपती, बोराटी, हेकळ, तरवड ही झुडपं माळावर असतात, पण विखुरलेली. मध्ये भरपूर गवत आणि अधूनमधून एक जाळी. हजार रोपं ओळीनं लावली तर ती माळरानाची जागा राहणार नाही.

---

गावशिवार | १७ मार्च, सायंकाळी ६:००

मग गावानं काहीच करू नये का? लोकांना काम हवंय, सावली हवीय, पाणी मुरायला हवंय.

---

माळरानी | १७ मार्च, रात्री ९:५०

करायला हवंच. माझं मत सांगते. सावलीची झाडं गावाजवळ, शाळेभोवती, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा. तिथे ती जगतातही, कारण पाणी घालायला माणूस असतो. गायरानावर आधी जे आहे ते मोजा. किती नेपतीच्या जाळ्या आहेत, किती बोराटी, किती हिवराची झाडं. त्यांच्याभोवती दोन पावसाळे चराई थांबवून बघा. माझ्या जुन्या जाळीभोवती मी पहिल्या वर्षी फक्त बोराटीच्या शिऱ्या म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या रचल्या होत्या. त्याच पावसाळ्यात जाळीच्या सावलीत न पेरता चार नेपतीची रोपं उगवली, दोन हिवराची, एक चंदनाचं. नेपती-चंदनाचं बी बुलबुलांनी आणून टाकलेलं असणार. मी डबीत आणि पिशव्यांमध्ये दोन वर्षं घालवून जे केलं ते त्या जाळीनं एका पावसात केलं.

चंदनाची रोपं नेपतीखाली वाढतात हे मेंढक्यांनाही माहीत आहे. काट्यांमुळे शेळी आत तोंड घालत नाही, आणि चंदनाला मुळांशी दुसऱ्या झाडाचा आधार लागतोच.

मेंढक्यांशी बोलून चराई थांबवा, त्यांना न विचारता कुंपण घालू नका. माळ त्यांचाही आहे.

---

गावशिवार | १८ मार्च, सकाळी ७:३५

चंदनाचं वाचून बरं वाटलं. ग्रामसभेत हा धागा वाचून दाखवतो. खड्ड्यांचं काम थांबवता येईल का माहीत नाही, पण मोजणी शाळेच्या मुलांकडून नक्की करून घेऊ.

---

कच्छी_वारा | १८ मार्च, दुपारी ४:१०

भुजला नोकरीला आहे, मूळचा जळगावचा. यादीसाठी:

इकडे केरड्याच्या जाळीत पांढऱ्या गालांचा बुलबुल हमखास. खाटीक काट्यावर टोळ किंवा सरडा खोचून ठेवतो आणि सावकाश खातो, ते मी दोनदा पाहिलं. वाऱ्यानं येणारी वाळू झुडपाच्या बुडाशी अडून उंचवटा होतो आणि त्यात वाळवंटी उंदरांची बिळं. उंदीर आले की मागोमाग साप, खोकड, शिकरे. एका झुडपाखाली एवढी वस्ती. बन्नीत, म्हणजे कच्छच्या गवताळ माळात, गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ पसरली आहे, तिच्या दाट रानात केरडा मागे पडत चाललाय. तुमच्याकडेही तिच्यावर लक्ष ठेवा.

---

मरुधरात_मराठी | १९ मार्च, सकाळी ९:००

कच्छी_वारा, वाळूचं अगदी खरं. इथे जोधपूरला काझरी म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था १९५९ पासून आहे. सरकत्या वाळूच्या टेकड्या थोपवण्याचं तिथलं काम जुनं. वाऱ्याला आडव्या वाळक्या झुडपांच्या ओळी रोवायच्या आणि त्यांच्या आडोशाला रोपं लावायची, अशी ती पद्धत.

एक खंत मात्र सांगते. केराला भाव आल्यापासून ओरणातलीसुद्धा जाळी न जाळी हिरवी असतानाच खुडली जाते. ओरण म्हणजे आपल्या देवराईसारखी देवाच्या नावानं राखलेली जमीन. सगळी फळं हिरवी गेली तर लाल व्हायला उरणार काय आणि पाखरं खाणार काय? माझ्या सासूबाई प्रत्येक जाळीचा वरचा भाग सोडायला लावायच्या. "ऊपरलो पंछी रो", असं म्हणायच्या. उंची गाठायचे कष्ट वाचतात म्हणून असेल, पण पाखरांचा वाटा राहायचा.

---

माळरानी | १९ मार्च, रात्री ९:३०

ताई, हे वाचून आईला फोन केला. यंदा आम्ही एकाच फांदीची हिरवी फळं ताकात घालून बघणार. बाकी सगळी पिकू देणार.

माझी आतापर्यंतची यादी: शिंजीर, लालबुड्या बुलबुल, भांगपाडी मैना, सातभाई, होला, खाटीक, वेडा राघू (जाळीच्या टोकाच्या काडीवर बसून माश्या टिपतो). जाळीच्या आत तितरांची जोडी रात्री बसते. मुंगूस, घोरपड एकदा, ससा. काळे भुंगे, तीन प्रकारच्या माश्या. खाली मुंग्यांचं मोठं वारूळ. पायोनियर अजून नाही. जुलैची वाट बघते.

---

माळरानी | २२ जुलै, सायंकाळी ७:१५

धागा वर काढते. पहिला मोठा पाऊस जूनच्या शेवटी झाला. चौथ्या दिवशी जुन्या जाळीवर पोपटी फूट आली, बाराव्या दिवशी पंखवहींनी सांगितलेली अंडी सापडली. पिवळसर, उभी, दाटीनं एका काडीवर. आज अळ्या आहेत, हिरवट, सगळ्या एकत्र. एकोणीसपैकी सतरा रोपांनी उन्हाळा काढला. दोन गेली, दोन्ही ओढ्याच्या खोलगट भागातली, तिथे अवकाळीचं पाणी साचलं होतं. वरच्या उतारावरची सगळी आहेत.

आईची केरं: नऊ दिवस ताकात ठेवली, मोहरीची डाळ आणि हळद घालून लोणचं केलं. वाघाटीपेक्षा बरं झालं असं ती म्हणते.

---

पंखवही | २२ जुलै, रात्री ९:००

अंड्यांचा फोटो टाका ना! आणि कोष झाले की बघा, बहुतेक वेळा शेजारच्या गवतावर किंवा काडीवर सापडतात.

---

गावशिवार | ३ ऑगस्ट, सकाळी १०:२०

मोजणी झाली. सहावी-सातवीच्या मुलांनी दोरी धरून चाळीस एकर पालथे घातले. नेपतीच्या जाळ्या ५८. आम्हाला वाटलं होतं पाच-सहा असतील. ग्रामसभेत वाद झाला. शेवटी खड्डे अर्ध्या भागात घेतले गेले, अर्धा भाग सोडला. सोडलेल्या भागात ३७ जाळ्या आहेत. मेंढपाळांनी त्या बाजूला दोन पावसाळे न येण्याचं कबूल केलं, बदल्यात ओढ्याकडची वाट त्यांना मोकळी करून दिली.

---

माणदेशी_अण्णा | ३ ऑगस्ट, रात्री ८:००

पोरांनी मोजल्या ते झ्याक केलं. पोरांना जाळ्यांची नावं ठिवाया सांगा. नाव ठिवलं की मानूस तोडत न्हाय.

---

माळरानी | २८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

सुरुवातीला लिहिलं होतं की शेजारच्या तीन जाळ्या मशीननं काढल्या. त्यातली एक आमच्या हद्दीला लागून होती. तिथे दोन वर्षं नुसता मुरमाचा सपाट पट्टा होता, नंतर मालकानं तो तसाच सोडून दिला. काल पाऊस उघडल्यावर तिकडून येत होते. पट्ट्यावर एका ओळीत हिरव्या काड्या दिसल्या. वाकून पाहिलं तर नेपतीचे फुटवे. मोजले, तेवीस. जमिनीखाली जिथपर्यंत जुनं मूळ गेलं होतं तिथपर्यंत ती ओळ गेलीय, सरळ नाही, मुळासारखीच वळणं घेत.

मालकांना भेटून आले. त्यांना त्या पट्ट्यात काही करायचं नाही, शिऱ्या लावायला हरकत नाही म्हणाले. आज दुपारी बोराटी तोडून आणते. अण्णा, नाव तुम्हीच सुचवा.